अठ्ठेचाळिसावा अंश

जमिनीच्या मोजणीत ज्याचे आयुष्य गेले त्यास एक गोष्ट फार लवकर कळून चुकते, आणि ती अशी की, नकाशावरील रेष ही जमिनीवरील हद्दीपेक्षा जाड असते. ज्या जुन्या गावनकाशांवर मी नोकरी केली त्यांचे प्रमाण एका इंचास वीस साखळ्या, म्हणजे तेहेतीस फुटी साखळीच्या हिशेबाने एका इंचास सहाशे साठ फूट, असे होते. आजच्या भाषेत १:७९२०. अशा नकाशावर बारीक निबाने ओढलेली अर्ध्या मिलिमीटरची रेष जर कोणी तशीच्या तशी वावरात उतरवू म्हणेल, तर ती सुमारे तेरा फूट रुंद भरेल. आमच्या भागात दोन वावरांमधला धुरा इतका रुंद क्वचितच असतो. आणि तो धुरा हातभर इकडे की तिकडे, एवढ्या एका मुद्द्यावर सख्खे भाऊ न्यायालयाच्या पायऱ्या दोन-दोन पिढ्या झिजवीत राहतात. म्हणजे ज्या दस्तऐवजाकडे उभय पक्ष न्यायाची अखेरची आशा म्हणून पाहतात, त्यातील शाईनेच वादग्रस्त जमीन आधी गिळलेली असते. म्हणून हद्दकायम मोजणीस निघालेला जाणता मोजणीदार नकाशा बरोबर घेतो खरा, परंतु त्याची भिस्त असते टिपणावर आणि गुणाकार बुकावर, म्हणजे आकृतीवर नव्हे तर आकड्यांवर. आकृती ही ओळखीसाठी असते. आणि ओळखता यावे म्हणून तिला थोडे खोटे बोलण्याची मुभा दिलेली असते.

मोजणी खात्यातून निमतानदार म्हणून सेवानिवृत्त होऊन मी बोरी अरब येथे कायमचा राहावयास आलो आणि पुण्यास असलेल्या नातवाच्या नादाने प्लास्टिकची प्रमाणबद्ध लढाऊ विमाने जोडण्याच्या छंदास लागलो, तेव्हा हे कोडे आपण दप्तराबरोबर कचेरीत ठेवून आलो अशी माझी समजूत होती. ती फोल ठरली. तेच कोडे, केवळ ७९२० च्या जागी ४८ हा आकडा धारण करून, माझ्या टेबलावर पुन्हा दाखल झाले, आणि आता तर त्यावर निकाल देणारा वरिष्ठ अधिकारीही कोणी उरला नव्हता.

अडाण नदीच्या आश्रयाने, दारव्ह्याहून यवतमाळास जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले हे आमचे गाव. पऱ्हाटी, तूर आणि अलीकडे सोयाबीन यांच्या भावाखेरीज अन्य विषयावर चार माणसे फार वेळ बोलत बसली आहेत असे येथे क्वचितच आढळते, आणि तसे ते न आढळण्यात गैर काही नाही. अशा ठिकाणी एखादा वयोवृद्ध गृहस्थ दिवसाउजेडी डोळ्याला भिंग लावून हरभऱ्याएवढे चाक पॉलिश पेपरवर घाशीत बसला, तर त्याची वार्ता व्हावी हे स्वाभाविकच होय. आमच्या शेजारचे एक कास्तकार मोठ्या आस्थेने ओट्यावर येऊन बसले, बराच वेळ पाहत राहिले, आणि मग त्यांनी विचारले, “हे उडते काय जी?” नाही, मी म्हणालो. “मंग वाजते?” तेही नाही. “मंग कायले करता?”

प्रश्न सर्वथैव रास्त होता. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे जे संग्रहालय आहे, त्यातील गाड्या निदान रुळांवरून धावतात, सिग्नल वरखाली होतात, गावात दिवे लागतात. एरोमॉडेलिंग करणारी मंडळी बाल्साच्या हलक्या लाकडाची विमाने बांधून ती मैदानावर खरोखर उडवून दाखवितात. आमच्या विमानास यांपैकी काहीच साधत नाही. त्याला केवळ दिसावयाचे असते. खऱ्या वस्तूचा अठ्ठेचाळिसावा अंश होऊन खऱ्या वस्तूसारखे दिसावयाचे, एवढे एकच काम त्याच्या वाट्यास आलेले असते. आणि ते काम किती बिकट आहे याची कल्पना त्या कास्तकारास कशी द्यावी हे मला त्या वेळी सुचले नाही. ते चहा घेऊन निघून गेले, आणि माझ्या माहितीप्रमाणे माझ्याविषयीचे त्यांचे मत अद्यापि बदललेले नाही.

विमान कोणते करावे याविषयी मात्र माझ्या मनात संदेह नव्हता. अमेरिकन वा इंग्रज विमानांचे संच अधिक देखणे असतात हे मान्य करूनही मी मिग-२१ निवडले, कारण ते आमच्या घरातले विमान होते. १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, पुढे नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, आणि त्याच सुमारास सोव्हिएत सहकार्याने मिग विमाने देशात बांधण्याची योजना आकारास आली. तिचे तीन हिस्से झाले: सांगाडा नाशिकजवळच्या ओझर येथे, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे, आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादेस. १९६३ साली स्थापन झालेली एरोनॉटिक्स इंडिया ही कंपनी १९६४ च्या १ ऑक्टोबरास बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विलीन होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली, आणि निफाड तालुक्याच्या शिवारात एक नवी वसाहत उभी राहिली, जिला लोक आजही ‘ओझर मिग’ या जोडनावाने ओळखतात. या कारखान्याने मिग-२१ च्या निरनिराळ्या आवृत्त्या मिळून सुमारे साडेसहाशे विमाने बांधली.

त्यांपैकी काहींच्या पत्र्यांवर माझ्या आतेभावाचा हात फिरलेला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे शिक्षण घेऊन तो घरातून निघाला तो दारव्ह्यास शकुंतला गाडीत बसून मूर्तिजापूर, आणि तेथून मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीने नाशिक, अशा मार्गाने. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून सायकलस्वाराशी बरोबरी करीत रांगणाऱ्या त्या गाडीतून उतरलेला मुलगा ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या यंत्राच्या कामावर रुजू झाला, ही गोष्ट आम्हा घरच्यांस त्या काळी विलक्षण वाटली नाही. त्याचा पगार दरमहा वेळेवर होतो, हीच मोठी नवलाई होती. तेथे तो रिव्हेट मारीत असे. सर्व हयात त्याने रिव्हेट मारले. रशियन नकाशांवरील अक्षरे ओळखण्यापुरती तो शिकला, नाशिकची बोली बोलू लागला, परंतु गावी आला की उंबरठ्यावरच त्याच्या तोंडी वऱ्हाडी येते, आणि त्याची मते तर कधीच वऱ्हाडाबाहेर गेली नाहीत. त्याच्याविषयी पुढे पुन्हा सांगावे लागेल.

आता प्रमाणाविषयी. लघुविमानांच्या जगात दोन प्रमाणे विशेष रूढ आहेत, १:७२ आणि १:४८. पहिल्यात सहा फुटांस एक इंच, दुसऱ्यात फुटास पाव इंच. मेट्रिक पद्धतीने जगाचा ताबा घेऊन एवढा काळ लोटल्यावरही हा छंद फूट-इंचाच्या जुन्या अमदानीतच नांदतो, आणि गुंठ्याचे आर व एकराचे हेक्टर करता करता ज्याची अर्धी नोकरी गेली त्या माणसास याचे समाधान वाटले तर ते क्षम्य मानावे. यांतील १:७२ या प्रमाणाचा एक इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळाशाळांतील मुलांकडून पाच लाख लाकडी लघुविमाने करवून घेण्याची मोहीम काढली. ती काळ्या रंगाची होती. त्यांवर ना चिन्ह, ना रेष. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे हे सैनिकांस आणि टेहळणी करणाऱ्या नागरिकांस क्षणार्धात कळावे, एवढाच त्यांचा हेतू. पस्तीस फुटांवर टांगलेले १:७२ चे लघुविमान डोळ्यास तेवढेच दिसते, जेवढे खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसेल. पस्तीसला बहात्तरने गुणा म्हणजे उत्तर मिळेल.

हा गुणाकार मी प्रथम केला त्या दिवशी मला या छंदाचे मर्म सापडले असे मी मानतो. कारण लहान होते ते केवळ विमान नव्हे. मधले अंतरही त्याच प्रमाणात आकसते. माझ्या हाती १:४८ चे विमान असून ते मी डोळ्यांपासून दीड फुटावर धरले, तर मी प्रत्यक्षात पाहत असतो ते बहात्तर फुटांवर उभे असलेले मिग. आणि बहात्तर फुटांवरून काय दिसते? पंखाचा आकार दिसतो, छत दिसते, चाके दिसतात, रंगाचा विटकेपणा दिसतो. पत्र्यांचे सांधे दिसलेच तर अंधुक, आणि रिव्हेट तर मुळीच दिसत नाहीत. रंगदेखील तोच राहत नाही. मधल्या हवेने काळ्याचा राखी होतो, गडद हिरव्यावर किंचित पांढरी झाक चढते. म्हणून या कलेतील जाणकार मूळ विमानावरचाच रंग, डब्यातून काढून जसाच्या तसा, लघुविमानास कधी लावीत नाहीत. त्यात पांढरा वा राखाडी मिसळून तो ‘दूर’ नेतात. टायर काळे रंगवीत नाहीत, कोळशाच्या राखेकडे झुकणारे करतात. अगदी खरा रंग लावलेले विमान खेळणे दिसते, आणि थोडा खोटा लावलेले विमान दिसते. हा अनुभव इतका निरपवाद आहे की त्यापुढे सत्यनिष्ठेचे सारे युक्तिवाद लटके पडतात.

एवढी जाणीव असूनही बहुसंख्य लघुविमानकार, आणि मीही त्यांत आलोच, पत्र्यांचे सांधे खोदतात. चेक प्रजासत्ताकातील एडुआर्ड या कारखान्याच्या १:४८ संचांत ते साच्यातच इतके नाजूक कोरलेले येतात की पाहत राहावे; मिग-२१ ची एक आरंभीची आवृत्ती चेकोस्लोव्हाकियातही बांधली गेली होती, तेव्हा या विमानाविषयी तेथील कारागिरांस वाटणारा जिव्हाळा समजण्याजोगा आहे. परंतु दोन अर्धांगे जोडून कड घासली की सांध्यालगतच्या रेषा पुसल्या जातात, आणि त्या सुईच्या टोकाने पुन्हा खोदाव्या लागतात. या खाचेची रुंदी एका मिलिमीटरचा पाचवा हिस्सा धरली, तरी अठ्ठेचाळीस पटीने ती जवळजवळ एक सेंटिमीटर होते. इतक्या रुंद फटी अंगभर घेऊन कोणतेही विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासही टिकणार नाही. पंखाची मागली कड, जी प्रत्यक्षात धारदार असते, ती प्लास्टिकात कितीही घासली तरी प्रमाणाने बोटभर जाड राहते. आणि पारदर्शक छत, जे साच्यातून एक मिलिमीटरभर जाडीचे येते, ते हिशेबाने जवळजवळ दोन इंच जाड काचेचे ठरते. नकाशावरील तेरा फुटी धुऱ्याचाच हा भाऊबंद.

बांधणीचा क्रम सर्वत्र सारखाच असल्याने त्याचे साद्यंत वर्णन करीत नाही. प्रथम वैमानिकाची बैठक, कारण शरीराचे दोन भाग मिटल्यावर आत हात जात नाही. रशियन विमानांच्या बैठकीचा तो हिरवट निळा रंग, ज्याच्या योगाने वैमानिकाच्या डोळ्यास स्वस्थता लाभावी असा रचनाकारांचा हेतू सांगतात, तो मिसळून साधेपर्यंत माझी एक दुपार सहज जाते. उपकरणांचा फलक पितळेच्या अतिसूक्ष्म पत्र्याचा असतो आणि त्यावरील तबकड्यांतील काटेदेखील भिंगाखाली वाचता येतात. गंमत अशी की, छत बसल्यावर ते कोणासही दिसत नाहीत, आणि तरीही ते चुकलेले असले तर करणाऱ्यास झोप येत नाही. मग नाकात वजन भरणे. मिगचे शरीर लांब, आणि लघुरूपात त्याचा भार पुच्छाकडे झुकतो. नाकात शिसे न भरल्यास विमान पुढचे चाक उचलून शेपटीवर बसते. ही निकड मी अडाणवर मासे धरणाऱ्या भोयांकडून जाळ्यास लावावयाचे शिशाचे मणी आणून भागविली. त्यांनीही कारण विचारले. परंतु ऐकल्यावर त्यांनी मणी दोन जास्तच दिले, आणि कास्तकारापेक्षा भोई हा कल्पनेस अधिक उदार असतो असे माझे मत बनले.

रंगकामास आमची हवा मात्र अनुकूल नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसास टेकतो, आणि एअरब्रशच्या तोटीतून निघालेला तुषार पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वी हवेतच वाळून भुकटी होऊन बसतो. पावसाळ्यात दमटपणाने चकाकी मरते आणि अंगावर पांढुरका धूसरपणा येतो. राहता राहिला हिवाळा. पण हिवाळ्यात कापूस निघालेला असतो, त्याने लादलेल्या गाड्या जिनिंगच्या वाटेला लागलेल्या असतात, आणि डोळ्यास न दिसणारे तंतू परिसरात तरंगत असतात. नुकत्याच रंगविलेल्या, अद्याप ओल्या असलेल्या पंखावर असा एक तंतू येऊन अलगद पडतो. प्रमाणाने पाहू गेल्यास तो चांगला हातभर लांबीचा दोर होय. तो चिमट्याने उचलावा तर रंग उचलतो, आणि ठेवावा तर शोभा जाते. जपानात वा इंग्लंडात लिहिलेल्या मार्गदर्शिकांत या संकटाचा उल्लेख आढळत नाही, हे ओघानेच आले. मी ओले धोतर खोलीच्या दारावर टांगून पहाटे रंग देतो, आणि ते पुष्कळसे साधते.

मी केलेली आवृत्ती मिग-२१ एफएल. जाणत्यांमध्ये विमानाची ओळख पटविण्याची काही लक्षणे असतात, आणि ती शिकण्यात, सर्व्हे नंबराच्या खुणा ओळखण्यासारखेच, एक शांत सुख असते. एफएलच्या नाकावरची वायुवेगमापक सुई वरच्या बाजूस मधोमध असते. नंतरच्या एम आणि बिस या आवृत्त्यांत ती उजवीकडे सरकते. एफएलचे छत पुढच्या कडेवर बिजागरी घेऊन अख्खे वर उचलले जाते. पुढच्यांचे ते उजव्या कुशीवर उघडते. ही पुढची बिजागरी म्हणजे केवळ सोय नव्हती. आणीबाणीत आसनासह बाहेर फेकल्या जाणाऱ्या वैमानिकापुढे ते छत काही क्षण वाऱ्याविरुद्ध आडोसा होऊन राहावे, अशी ती रचना होती. पुढे अधिक सुरक्षित आसने आली आणि ही रचना मागे पडली. आता १:४८ मध्ये हे छत उघडे बसवावे की मिटलेले, हा प्रश्न वरकरणी शोभेचा. परंतु ज्याला बिजागरीचे कारण ठाऊक आहे, त्यास तो निव्वळ शोभेचा राहत नाही.

एफएल घेण्याचे कारण १९७१ चे युद्ध. सुरुवातीस ही विमाने उघड्या, चकाकत्या धातूचीच उडत. युद्धाचे ढग जमले तसे तळातळांवर त्यांस हिरवे, तपकिरी पट्टे फासण्यात आले, आणि ते काम कारखान्याच्या शिस्तीने न होता घाईने, हाताशी असलेल्या रंगाने झाल्यामुळे एक विमान दुसऱ्यासारखे राहिले नाही. थोड्याच दिवसांत कडांवरून, पायऱ्यांवरून, इंधन भरण्याच्या झाकणाभोवती रंग झिजून खालचा धातू डोकावू लागला. लघुविमानकारास याहून मोठे आमिष नाही. धातूचा थर आधी, वर हिरवा, आणि मग जेथे जेथे यांत्रिकाचा बूट पडत असेल तेथे तो हिरवा टोकाने खरवडून काढावयाचा. या कामात माझे मन जितके रमले तितके दुसऱ्या कशातही रमले नाही, कारण येथे झीज ही नोंद असते. कोण कोठे उभा राहिला, कोणते झाकण रोज उघडले गेले, धूर कोठून निघाला, पाऊस कोठून ओघळला, याचे ते चालते-बोलते फेरफार-पत्रक होय. आणि नवे कोरे विमान रंगविणारा कारागीर मला नेहमी कोऱ्या सातबाऱ्यासारखा वाटतो, ज्यात धारणा आहे परंतु वहिवाट नाही.

१४ डिसेंबर १९७१ रोजी आसामातील तळांवरून निघालेल्या अठ्ठाविसाव्या स्क्वाड्रनच्या मिगांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर अग्निबाण सोडले, त्या वेळी आत बैठक चालली होती, आणि गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. हीच ती तुकडी, जिच्यासाठी १९६३ साली पहिली मिग चंदिगडास आली होती. ढाक्यावरील त्या हल्ल्यानंतर युद्ध दोन दिवसांत संपले. मी माझ्या विमानास अग्निबाणांच्या नळकांड्या लावल्या आहेत. लावताना हात थबकला, हे सांगितले पाहिजे. परंतु त्यांच्यावाचून पंखाखालची जागा रिकामी आणि अप्रामाणिक दिसली असती. शस्त्राची प्रतिकृती करणारा मनुष्य शस्त्राचा चाहता असतो, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. मात्र ज्याने त्या यंत्राचे प्रत्येक झाकण स्वतः घासून बसविले आहे, त्यास त्या यंत्रात बसणाऱ्या माणसाचा विसर पडणे कठीण असते, एवढे मी अनुभवाने म्हणेन. वैमानिकाची बैठक आधी करावी लागते ती यासाठीही बरी. २०१२ साली संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितले की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. वृत्तपत्रांनी या विमानास जी भयंकर उपनावे दिली ती मला रुचत नाहीत, कारण त्यांत बांधणाऱ्यांचा आणि उडविणाऱ्यांचा सारखाच उपमर्द होतो; पण आकडे ते आकडे. संचात वैमानिकाची सव्वा इंची मूर्ती दिली होती. ती मी बसविली नाही, आणि छत उघडे ठेवले.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगड येथे मिग-२१ ला वायुसेनेने निरोप दिला, तेव्हा आतेभाऊ गावीच होता. दूरचित्रवाणीवर तो सोहळा आम्ही दोघांनी बसून पाहिला. तो काही बोलला नाही. फक्त एकदा, विमान वळताना उन्हात त्याची कूस चमकली तेव्हा, “साजरं बसलं होतं,” एवढे म्हणाला, आणि ते पत्र्याविषयी होते हे मला समजले. नंतर तो माझ्या टेबलापाशी गेला. विमान पूर्ण होऊन तेथे उभे होते. सांध्यांत मी पातळ काळसर रंग सोडून वरचा पुसून घेतला होता, जेणेकरून प्रत्येक रेष उठून दिसावी. आणि पंखांवर, दातेरी चक्र फिरवून, रिव्हेटांच्या रांगाही काढल्या होत्या. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, विमान डोळ्यांपाशी नेले, आणि पंखावरून अंगठा असा फिरवला, जसा त्याने तो हयातभर फिरविला असेल.

“ह्या रिव्हिटा तू कायले दाखवून राह्यला?” त्याने विचारले.

मी म्हटले, असतात ना तेथे.

“असतात. पन आमी त ह्या दिसू नये म्हनून पगार घेत होतो.”

मग त्याने सविस्तर सांगितले, आणि त्याच्या तोंडून एवढे बोलणे मी प्रथमच ऐकले. रिव्हेटचे डोके पत्र्यात खोलगट करून बसवावयाचे, ते वर राहता कामा नये, खाली जाता कामा नये. तपासनीस नखाने पाहत असे, आणि नख अडले की काम परत. वाऱ्यास कळू नये की येथे दोन पत्रे आहेत, हीच सारी विद्या. एवढ्या लोकांनी एवढी वर्षे खपून जे झाकले ते तू खोदून वर काढलेस, असा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता, आणि त्यात तक्रारीपेक्षा कुतूहल अधिक होते.

मी त्याला नकाशाची गोष्ट सांगितली. तेरा फुटी रेष, अंतर, बहात्तर फूट, ओळखीसाठी बोललेले खोटे. त्याने ऐकून घेतले. आम्हा दोघांच्या नोकऱ्या एका अर्थी परस्परविरुद्ध होत्या हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले: जेथे भूमी अखंड आहे तेथे मी रेषा काढीत होतो, आणि जेथे रेषा होत्या तेथे तो पृष्ठभाग अखंड करीत होता. दोघांनाही सरकारनेच वेतन दिले. प्रतिकृती करताना मी माझ्या सवयीने वागलो, त्याच्या नव्हे. आणि विमान तर त्याचे होते. तेव्हा न्यायाने पाहता पुढील विमान त्याच्या मताने व्हावे असे मला वाटले, आणि मी तसे बोलून दाखविले. चेक कारखान्याचाच दुसरा संच नातवाने आणून ठेवला आहे. त्यातील साऱ्या खाचा पुटीने भरून, घासून, एकही रेष न ठेवता, वाऱ्यास दिसेल तसे गुळगुळीत विमान मी करीन, असे मी त्यास म्हणालो.

तो विचारात पडला. विमान त्याने पुन्हा उचलले, खिडकीच्या उजेडात तिरपे धरले, आणि पंखाच्या मुळाशी असलेल्या एका रांगेवर नख टेकविले.

“असं नोको करू,” तो म्हणाला. “मंग आमी तिथं काय केलं, ते कोनाले दिसंन?”

त्यावर आमचा वाद झाला, आणि दिवाळीस आतेभाऊ पुन्हा आला तेव्हाही तो मिटला नाही. सध्या तडजोड अशी ठरली आहे की, सांधे ठेवावेत, परंतु त्यांत काळा रंग सोडू नये. आणि रिव्हेटांच्या रांगा फक्त डाव्या पंखावर काढाव्यात, कारण त्याचा विभाग डावा होता. उजवा पंख तो पुढल्या खेपेस स्वतः घासून देणार आहे. त्यासाठी त्याने नाशिकहून दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर आणावयाचे कबूल केले आहे, कारण दारव्ह्यास मिळतो तो त्याच्या मते भांडी घासण्याच्याच लायकीचा असतो.